डावीकडची सीट

हणमंत डुबलांनी मरायची तयारी केली ती त्यांच्या स्वभावाला धरून, म्हणजे शिस्तीत आणि कुणालाही न विचारता.

कराडमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत. गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांना स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं. हायवेवरच्या नव्या गाड्या आता आपापल्या चालत, माणूस नुसता आत बसून असे. त्यामुळं दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "मास्तर, आता तुमचं स्कूल बंद." पण आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याला वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, की त्या शहाण्या गाड्या रस्त्यातच उभ्या राहत आणि 'चालकाने ताबा घ्यावा' असं गोड आवाजात सांगत. ताबा घ्यायला माणूस शिकलेला लागायचा. म्हणून परवान्याची परीक्षा उलट कडक झाली होती आणि 'डुबल मोटार ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी जागेवर होती.

अशा या माणसाच्या यकृतात गाठ निघाली. गावानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की मास्तर चोरून पीत असणार. वास्तविक ते कधी बिअरच्या बाटलीलाही शिवले नव्हते. लहानपणी, एकच सुई शाळेतल्या सगळ्या पोरांना टोचायच्या दिवसांत, काविळीचा विषाणू अंगात शिरला होता आणि इतकी वर्षं तो गुपचूप यकृत कुरतडत बसला होता. कळलं तेव्हा गाठ मुठीएवढी होती आणि यकृताकडं जाणाऱ्या मोठ्या नसेत तिनं पाय पसरले होते. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. यकृत बदलायचाही प्रश्न नव्हता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सहा-आठ महिने सांगितले.

मास्तर घरी आले आणि कामाला लागले. चांगले शर्ट वाटून टाकले. चॉकलेटी सफारी समोरच्या पंक्चरवाल्या रफिकला दिला. ओळखीच्या घरोघर जाऊन चहा घेतला आणि "चुकलंमाकलं पोटात घाला" म्हणून निरोप घेतला. बायका डोळ्यांना पदर लावायच्या, मास्तर कोरड्या डोळ्यांनी पुढच्या घरी. राहिलं स्कूल. त्यासाठी त्यांनी एका सकाळी बायकोला हाक मारली.

"शालन, चप्पल घाल. गाडीत बस. उजवीकडं."

शालन ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. लग्नानंतर एकदा त्यांनी तिला गाडी शिकवायला घेतलं होतं. विद्यानगरच्या चढावर गाडी बंद पडली, मास्तर ओरडले, आणि शालन गाडीतून उतरून चालत घरी आली होती. त्यानंतर ती कायम मागच्या सीटवर बसली. ड्रायव्हिंग मास्तरची बायको आणि गाडी येत नाही, हा गल्लीतला जुना विनोद होता.

"आता कशाला?" तिनं विचारलं.

"आता नाही तर कधी? बस की."

मास्तर डावीकडं बसले. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटखालीही एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर मास्तरनं दाबायला. त्याच्यावर पाय ठेवून ते शांतपणे सांगत राहिले. गाडी बंद पडली तरी ओरडले नाहीत. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शालनलाच राहवेना.

"ओरडत नाही तुम्ही. काय झालंय?"

"दम कुठाय ओरडायला. क्लच सोड हळू."

ती हसली, आणि मग तिला रडायला आलं. रडत रडतच तिनं पहिल्यांदा गाडी पुढं नेली.

*

कोल्हापूरचं सुचवलं ते केतकीनं. ही त्यांची एकुलती मुलगी, हैदराबादला एका नकाशे करणाऱ्या कंपनीत होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात यकृताच्या विभागात एक नवी पद्धत सुरू झालीय, एकदा दाखवा तरी, म्हणून ती रोज फोनवर मागं लागली. मास्तर तयार नव्हते. शेवटी शालननं "मला एकदा विचारून येऊ दे" म्हणून त्यांना नेलं.

डॉक्टर नसरीन मुजावर पन्नाशीच्या होत्या. बोलणं सावकाश आणि स्पष्ट.

"काका, आमच्याकडं हत्यारं चार आहेत," त्या म्हणाल्या. "गाठ जाळणारे किरण. यकृताच्या धमनीत नळी घालून थेट गाठीवर सोडायचं केमो. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढून घेते, त्या बंद पाडणाऱ्या गोळ्या. आणि चौथं सलाईन, तुमच्याच शरीरातल्या सैनिक पेशींना लढायला लावणारं."

"मग द्या की चारी," शालन म्हणाली.

"एकदम दिली तर गाठ मरेल, पण यकृत तिच्या आधी मरेल. काकांचं यकृत आधीच सुरकुतलंय. म्हणून औषध कुठलं हा प्रश्नच नाही. आधी कुठलं, मग कुठलं, आणि मध्ये किती दम खायचा, हा आहे. पूर्वी आम्ही ते अंदाजानं ठरवायचो. अंदाज चुकला की कळायचं पेशंटच्या शरीरावर."

आता ते पेशंटच्या शरीरावर कळत नसे. सुईनं गाठीचा एक कण काढायचा, प्रयोगशाळेत त्याचे खसखशीएवढे हजारो मणी वाढवायचे. प्रत्येक मण्यात पेशंटचीच गाठ, पेशंटचंच थोडं यकृत आणि त्याच्याच रक्तातल्या सैनिक पेशी. मग एका थाळीतल्या मण्यांना आधी किरण आणि मग सलाईन, दुसऱ्या थाळीत आधी गोळी आणि मग केमो, तिसरीत आणखी वेगळं, असं सगळं करून बघायचं. कुठल्या थाळीत गाठ मेली आणि यकृत तगलं, ते एक संगणक मोजत बसे. त्याचं नाव 'अनुक्रम'. दर आठवड्याला पेशंटच्या रक्तात तरंगणारे गाठीचे तुकडे मोजून तो पुढचा क्रम बदलत राही.

मास्तर खुर्चीत मागं रेलून, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "माझ्याच पेशी ना ह्या? मग इतके दिवस झोपल्या होत्या का?"

"झोपल्या नव्हत्या. प्रत्येक सैनिक पेशीला एक ब्रेक असतो. नसता तर ती आपलंच शरीर खाईल. गाठ लबाड असते, ती तोच ब्रेक दाबून बसते. आमचं सलाईन तिचा पाय बाजूला करतं."

मास्तर पहिल्यांदाच पुढं वाकले. "म्हणजे डबल कंट्रोलची गाडी. शिकणारा ॲक्सिलेटर दाबतोय आणि शेजारचा ब्रेक दाबून बसलाय. गाडी जाईल कशी?"

"अगदी तसंच."

"पण शेजारच्यानं पाय काढला आणि गाडी उधळली तर?"

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. "उधळू शकते. यकृतावर, फुप्फुसावर, कुठंही. म्हणून तर दर आठवड्याला तपासायचं."

मास्तर पुन्हा मागं रेलले. "मॅडम, तुमचं सगळं पटलं. पण माझी तयारी झालीय. निरोप घेऊन झालेत. आता पुन्हा कशाला सगळ्यांना ताटकळत ठेवायचं?"

"तुमची झाली असेल," शालन म्हणाली. ती इतक्या शांतपणे बोलली, की मास्तरांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "माझी नाही झाली."

*

आठवड्यातून एकदा कोल्हापूर, असं सुरू झालं. ज्या दिवशी पहिल्यांदा गाडी हायवेला लावायची होती, त्या दिवशी शालननं देवापुढं दिवा लावला आणि मास्तरांना सांगितलं, "पेठ नाक्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही." मास्तर बोलले नाहीत. पेठ नाका मागं गेल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आरसा बघतेस चांगला."

'अनुक्रमा'नं आधी किरण सांगितले, अगदी हलके, गाठीच्या एकाच टोकाला. डॉक्टर म्हणाल्या, ते टोक फुटलं की आतलं सामान बाहेर पडतं आणि सैनिक पेशींना चोराचा चेहरा कळतो. मग सलाईन. मग दम. मग धमनीतलं केमो, गोळ्या, पुन्हा दम. मास्तरांना ओकाऱ्या झाल्या, अंगाला खाज सुटली, तोंडाची चव गेली. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. गार पाणी हातात धरवेना. काही आठवडे बरे जायचे, काही वाईट.

स्कूल बंद ठेवणं मास्तरांना मान्य नव्हतं. चालवायचा परवाना शालनला मिळाला होता; आता तिनं शिकवायच्याही परवान्याची परीक्षा दिली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. सुरुवातीला दोनच शिकाऊ आले, तेही मास्तरांच्या ओळखीनं. मग मलकापूरची एक भाजीवाली आली, जिनं टेंपो घेतला होता पण चालवायला भाच्याच्या हातापाया पडायला लागत होतं. तिनं दुसरीला सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या दोन नर्स आल्या. मग बायकांची रांगच लागली.

शालनची शिकवायची रीत वेगळी होती. पहिल्या दिवशी ती गाडी सुरूच करायला लावायची नाही. "कशाची भीती वाटते ते आधी सांग," असं विचारायची. कुणी म्हणे चढाची, कुणी म्हणे मागून हॉर्न वाजला की हातपाय गळतात. एक म्हणाली, नवऱ्याची. ज्याची भीती, तिथंच शालन तिसऱ्या दिवशी गाडी न्यायची आणि म्हणायची, "चुकव खुशाल. माझ्याकडं पण ब्रेक आहे."

सकाळची बॅच संपवून ती नळी लावून गाडी धुवायची आणि धुताना गाणं म्हणायची. एकदा गाता गाता तिच्या लक्षात आलं, की आत नवरा उशीशी भांडं घेऊन पडलाय आणि आपण अंगणात गातोय. तिनं नळ बंद केला आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गायचं नाही असं ठरवलं. पण ते जमलं नाही.

*

दिवाळीच्या सुमाराला मास्तर घसरले. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. यकृत दमलं की रक्तातली घाण गाळली जात नाही आणि ती मेंदूपर्यंत पोचते. मास्तर शालनला बहिणीच्या नावानं हाका मारू लागले. कोल्हापूरला दाखल केलं, तेव्हा पलंगाच्या कडेला त्यांचा डावा हात गिअर शोधत होता.

स्कॅन काढला. गाठ वाढलेली दिसत होती.

केतकी विमानानं आली. तिनं पडद्यावरचा डाग पाहिला आणि आईला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. "आई, आता थांबू या. त्यांना घरी नेऊ. किती छळायचं अजून? त्यांना हे नकोच होतं, तुला माहितीये."

शालनला माहीत होतं. तेच तर टोचत होतं.

डॉक्टर मुजावर तिथंच त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "एक सांगू? घरात चोर शिरलेत, त्यांच्यामागनं पोलीस आत गेले, आणि बाहेरनं कुणी फोटो काढला, तर घरात गर्दी वाढलेलीच दिसणार. स्कॅनला चोर कोण आणि पोलीस कोण ते कळत नाही. म्हणून काल पुन्हा सुई घालून कण काढला. गाठ सैनिक पेशींनी भरलीय. सूज त्यांची आहे. पण त्या उधळल्यात, यकृतालाही मारतायत. त्यामुळं सलाईन थांबवलंय, सूज उतरवायचं औषध सुरू केलंय. काका शुद्धीवर येतील असं मला वाटतं."

"आणि मग?" केतकीनं विचारलं.

"मग दोन वाटा आहेत. 'अनुक्रमा'नं दोन्ही मण्यांवर करून बघितल्या." डॉक्टरांनी एक बोट वर केलं. "एक, धमनीतल्या केमोचे आणखी दोन हप्ते, लगेच, सैनिक आत आहेत तोवर. गाठ मोडायची शक्यता चांगली आहे. पण ते औषध पायांच्या मज्जातंतूंना धरतं. काकांच्या पायाला आधीच मुंग्या आहेत. ह्या दोन हप्त्यांनंतर तळपाय बहुतेक कायमचे बधिर होतील. दुसरी वाट, केमो सोडून द्यायचं आणि फक्त गोळीवर राहायचं. पाय वाचतील. गाठ जिंकेल की आपण, ते मात्र निम्मं-निम्मं."

"ते शुद्धीवर आले की त्यांनाच विचारू," केतकी म्हणाली.

"तोवर थांबता आलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. तेवढा वेळ नाही."

शालन जमिनीकडं बघत होती. तिनं विचारलं, "तुमच्या त्या मशीनला माहीत आहे का, की हे ड्रायव्हर आहेत?"

"आहे. म्हणून तर त्यानं दोन वाटा दाखवल्या. माहीत नसतं तर एकच दाखवली असती. वाट निवडायचं काम त्याचं नाही, ताई."

कॉरिडॉरमधून कुणीतरी जेवणाचा डबा घेऊन गेलं. वरणाचा वास आला. शालन उठली. "पाय जाऊ देत," ती म्हणाली. "माणूस राहू दे."

"पप्पा असं म्हणतील?" केतकीही उठली.

"नाही म्हणणार. ते म्हणतील, पाय ठेवा. म्हणून बरंय, ते आत्ता बोलत नाहीत."

तिनं सही केली. नंतर ती हात धुवायच्या बेसिनजवळ बराच वेळ उभी होती आणि नळ सुरूच होता.

*

दोन्ही हप्ते देऊन झाल्यावर एका दुपारी मास्तरांनी डोळे उघडले आणि "आज वार कुठला?" असं विचारलं. गुरुवार म्हटल्यावर "गुरुवारी नर्सबाईंची रिव्हर्सची प्रॅक्टिस असते ना?" म्हणाले. तेव्हा शालनला कळलं, की माणूस परत आला.

तिनं त्यांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. दोन वाटा, आपण कुठली घेतली, का घेतली. लपवून ठेवणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी पांघरुणातून पाय बाहेर काढले. बोटं हलवली. बोटं हलत होती, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, की हलवलेली त्यांना कळत नव्हती.

"बरं," ते म्हणाले. एवढंच. घरी सोडेपर्यंत त्या विषयावर पुन्हा अक्षर काढलं नाही.

आणि मग दर आठवड्याचे आकडे उतरू लागले. रक्तात तरंगणारे गाठीचे तुकडे निम्मे झाले, मग निम्म्याचे निम्मे. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लिंबाएवढी. नसेत पसरलेले तिचे पाय आखडले होते. शालनला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला खूप आनंद होईल, पेढे वाटू. पण तिला आली ती झोप. चार दिवस ती मिळेल तिथं झोपली, आणि उठली ती भूक घेऊन. मास्तरांनाही भूक लागू लागली. एकदा दोघांनी मिळून आठ भाकऱ्या खाल्ल्या आणि एकमेकांकडं बघून लाजले.

मास्तर काठी घेऊन बाहेर पडू लागले, आणि गावाची पंचाईत झाली. ज्या घरांतून त्यांनी कायमचा निरोप घेतला होता, त्या घरांतल्या बायका त्यांना बघून दचकायच्या. "मास्तर, तुम्ही तर जाऊन येतो म्हणून गेला होतात की," एकजण म्हणाली. मास्तर म्हणाले, "म्हणून तर आलो." रफिक सफारी धुऊन इस्त्री करून परत घेऊन आला. मास्तरांनी तो घेतला नाही. "तुलाच बसतोय. मला आता ढगळ होईल."

शालन त्यांच्याबरोबर हसायची. पण त्यांच्या अंगावर जसजसं मांस भरू लागलं, तसतशी तिच्या मनात एक बारीक कळ येऊ लागली. ते खिडकीत बसून गाडीकडं बघायचे. टायरमधली हवा कमी आहे म्हणायचे. कुठली शिकाऊ कुठल्या दिवशी, ते विचारायचे. ज्या माणसाच्या जगण्यासाठी तिनं सही केली, तो उठून बसला होता, आणि तिला वाटत होतं, अजून थोडे दिवस त्यानं बसूनच राहावं. हे मनात आलं की तिला स्वतःची चीड यायची.

व्हायचं ते एका सकाळी झालं. रेश्मा नावाची नर्स धड्यासाठी आली होती. शालन आतून पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली, तर डावीकडच्या सीटवर मास्तर बसलेले. पांढरा शर्ट, केस विंचरलेले.

"आज मी घेतो," ते म्हणाले.

"उतरा."

"एकच फेरी. स्टेडियमपर्यंत."

"अहो, उतरा. तुम्हाला ब्रेक कळायचा नाही."

"तीस वर्षं दाबलाय. न बघता दाबीन." त्यांचा आवाज चढला. रेश्मा स्टिअरिंग धरून समोर बघत राहिली.

शालननं वाद घातला नाही. दार उघडं धरून तिनं खाली बोट दाखवलं. मास्तरांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती घराच्या पायरीवर उलटी पडली होती. तिथून गाडीपर्यंत ते अनवाणी चालत आले होते, खडीवरून, आणि तळपायाला रक्त आलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

मास्तरांनी पायाकडं पाहिलं. मग पायरीकडं. काठीवर भार देऊन ते खाली उतरले आणि आत गेले. शालननं आत जाऊन त्यांचा पाय धुतला, पट्टी बांधली, आणि मग रेश्माला घेऊन गेली. त्या धड्यात तिनं काय शिकवलं ते तिलाही आठवत नव्हतं.

संध्याकाळी अंगणात चहा घेताना ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. तुमचे पाय गेले नसते, तरी मी आज तुम्हाला उतरा म्हटलं असतं. आज नाही तर उद्या. ती सीट मला पाहिजे."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणून सही केलीस?"

शालननंही कप खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "सही केली तेव्हा डोक्यात फक्त तुम्ही होता. पण सीटची गोडी मला त्याच्या आधीच लागली होती, हेही खरं. तुम्ही आत ओकत होता आणि मी गाडी धुताना गाणी म्हणत होते. मला लाज वाटायची. तरी म्हणायचे."

रस्त्यावरून एक चालक नसलेला टेंपो शिस्तीत, कडेकडेनं निघून गेला.

"ऐकायचो मी," मास्तर म्हणाले. "खिडकीतनं. बरं वाटायचं. म्हणायचो, हिचं चालेल आपल्यामागं." ते थोडं हसले. "आता मी तर मरत पण नाही. मी असताना चालेल का तुझं?"

"चालवून घेईन," शालन म्हणाली.

पायांचं दुःख त्यांना होतंच, ते काही त्या चहानं गेलं नाही. कधी कधी ते दिवसभर कुणाशी बोलत नसत. पण उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच चौकशी करून जुन्या पांढऱ्या गाडीला हातानं ओढायचा ब्रेक बसवून घेतला आणि सरकारी इन्स्पेक्टरकडून तो पास करून आणला. शालन म्हणाली, "ती गाडी तुमची. ही माझी." मास्तर फक्त दुपारचा एक धडा घ्यायचे. त्यांच्याकडं येणारे बहुतेक पुरुष असत, ओरडून घ्यायची सवय असलेले. आणि दम आता पुरेसा होता.

*

पुढच्या मार्चमध्ये डॉक्टर मुजावरांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. यकृतावर एक पांढरट वण दिसत होता.

"गाठीत जिवंत पेशी सापडत नाहीत," त्या म्हणाल्या. "रक्तातही नाहीत. बरे झालात असं मी म्हणणार नाही, काका. विषाणूची गोळी जन्मभर घ्यायची, आणि हे यकृत जपून वापरायचं. पण दर आठवड्याला यायची गरज नाही. सहा महिन्यांनी या."

"सहा महिन्यांनी?" मास्तरांनी पुन्हा विचारलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना आयुष्यच तेवढं दिलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली. मास्तर उठले, नमस्कार केला, दारापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर ऊन कलतं होतं. किणीचा नाका गेला. वारणेचं पाणी चकाकत मागं पडलं. शालननं केतकीला फोन लावून गाडीतच सगळं सांगितलं, आणि केतकी पलीकडं हसली की रडली ते नीट कळलं नाही. फोन ठेवून शालन म्हणाली, "बायकांना कळवायला पाहिजे, आजची बॅच उद्या घेते म्हणून." उत्तर आलं नाही. तिनं डावीकडं पाहिलं.

मास्तर झोपले होते.

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हा माणूस चालत्या गाडीत झोपलेला कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा, एसटीत बसले तरी, त्यांची नजर समोर आणि पाय ताठ असायचा. दुसरा कुणी गाडी चालवत असताना डोळे मिटणं त्यांना जमतच नसे. आता मान खिडकीकडं कलली होती, तोंड थोडं उघडं होतं, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

शालननं वेग जरा कमी केला. कासेगाव गेलं. मलकापूर आलं, कराडचा फाटा आला. तिनं इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, आणि इंडिकेटर पुन्हा बंद केला. गाडी सरळ पुढं गेली. कोयनेचा पूल गेला, तासवड्याचा टोलनाका गेला. मास्तर नाकातून बारीक आवाज करत झोपले होते.

उंब्रज ओलांडल्यावर त्यांनी डोळे उघडले. बाहेर बघितलं, पाट्या वाचल्या.

"कुठं आलो?"

"उंब्रजच्या पुढं."

"कराड गेलं की मागं."

"गेलं."

मास्तरांनी सीट थोडी मागं केली आणि पाय लांब सोडले. "पुढनं वळवून घे सावकाश," ते म्हणाले, आणि डोळे पुन्हा मिटले.